मुलांच्या मनाचे आरोग्य : शाळेत ऐकून घेणारे माणूस हवे

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांत गुणवंतांचे सत्कार होतात. विहारात खुर्च्या मांडल्या जातात, पुष्पगुच्छ दिले जातात, आईवडिलांचे डोळे भरून येतात. हे व्हायलाच हवे. शिक्षणाच्या बळावरच आपला समाज इथवर आला. पण मुलाला टक्के विचारणारे आपण त्याला रात्री झोप लागते का, जेवण जाते का, शाळेत कुणी त्रास देते का, हे विचारत नाही. आणि ज्याचे नाव सत्काराच्या यादीत नाही, त्याला तर कुणीच काही विचारत नाही.

या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याविषयी लिहीत आहोत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या विषयावर भारतात आणि बाहेर मोठे संशोधन झाले आहे. त्यातला काही भाग थेट आपल्यासारख्या कुटुंबांतील, सरकारी शाळांत शिकणाऱ्या मुलांवर झाला आहे. त्यातून निघणारी सगळ्यात उपयोगी गोष्ट साधी आहे. मुलाला शाळेत हक्काने ऐकून घेणारे एक माणूस मिळाले आणि शाळेत त्याचा मान राखला गेला, तर त्याचे मन सावरते. असे माणूस डॉक्टरच असावे लागते असे नाही.

चौदा-पंधराचे वय

मनाचे आजार ही मोठ्या माणसांची गोष्ट आहे, असा आपला समज असतो. मुलाला कसले आलेय टेन्शन, असे आपण सहज म्हणून जातो. संशोधन नेमके उलटे सांगते. जगभरातील १९२ अभ्यास आणि सात लाखांहून अधिक रुग्ण यांची माहिती एकत्र करून २०२१ मध्ये एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले. ज्यांना आयुष्यात कधी मानसिक आजार झाला, त्यांच्यापैकी सुमारे ३५ टक्के लोकांत तो वयाच्या चौदाव्या वर्षाआधी सुरू झाला होता. अठराव्या वर्षाआधी सुरू झालेल्यांचे प्रमाण ४८ टक्के होते. आजार सुरू होण्याचे प्रमाण सर्वाधिक असलेले वय होते साडेचौदा वर्षे, म्हणजे आपल्याकडची आठवी-नववी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातील दर सात मुलांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक आजार असतो. आपल्या देशात २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. पण १३ ते १७ वयोगटात त्यांना ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला आणि महानगरांत हेच प्रमाण १३.५ टक्के होते. साठ मुलांचा वर्ग धरला, तर सरासरीने गणित वर्गामागे चार मुलांचे होते आणि महानगरात आठ मुलांचे. त्याच सर्वेक्षणाने दाखवले की मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत.

या न पोहोचण्याची किंमत मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांपैकी १,८३४ आपल्या महाराष्ट्रातले होते. आत्महत्येमागे कधीच एक कारण नसते. नापास झाला म्हणून, रागावले म्हणून, असे बातमीत येते. पण त्याआधी बरेच दिवस, कधी बरेच महिने, ते मूल आतून झुंजत असते. त्या काळात मदत मिळाली तर बहुतेक मुले त्यातून बाहेर येतात. म्हणून त्या आधीच्या दिवसांकडे पाहायला शिकले पाहिजे.

घरात हे कसे दिसते

मोठा माणूस उदास झाला तर तो गप्प बसतो, रडतो. मुलांत तसेच होईल असे नाही. मुलगा चिडचिडा होतो, उलटून बोलतो, वस्तू आपटतो. मुलगी पोट दुखते, डोके दुखते म्हणते आणि तपासणीत काही निघत नाही. शाळेच्या वेळेलाच पोट दुखते, रविवारी दुखत नाही. आवडीचा खेळ सुटतो. मित्र घरी यायचे बंद होतात. रात्री दोन-तीनपर्यंत जाग असते किंवा दिवसभर झोप. अभ्यासात लक्ष लागत नाही, गुण एकदम घसरतात.

एखाद-दोन दिवस असे प्रत्येकाचेच होते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ हे टिकले आणि त्यामुळे शाळा, जेवण, झोप, मैत्री यांत अडथळा येऊ लागला, तर ते नाटक नाही, आळस नाही आणि ‘बाहेरचे’ही नाही. अशा वेळी गंडे-दोरे, अंगारे-धुपारे करण्यात महिने घालवणारी घरे आजही आहेत. आपण विज्ञाननिष्ठ म्हणवतो, तर मनाच्या आजाराच्या बाबतीतही विज्ञाननिष्ठच राहिले पाहिजे.

‘सगळे त्या मोबाईलमुळे झालेय’ असे पालक आम्हाला सांगतात. यावरही संशोधन झाले आहे. साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांच्या माहितीवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, पडद्यासमोरचा वेळ आणि मुलांचे मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध फार लहान निघाला. मुलामुलांत जो फरक दिसतो, त्यातला अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग या वेळेने उलगडत होता. याचा अर्थ मोबाईल रात्रभर हातात द्यावा असा नाही. तो झोप खातो, आणि झोप गेली की मन ढासळते. रात्री मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा, मोठ्यांचासुद्धा. पण सगळा दोष मोबाईलवर टाकून खरे कारण शोधायचे सोडू नये.

नालंदा जिल्ह्यातील शाळा

नालंदा म्हटले की आपल्याला प्राचीन महाविहार आठवतो. बिहारच्या याच नालंदा जिल्ह्यात, सरकारी माध्यमिक शाळांत, किशोरवयीनांच्या आरोग्याविषयीचा एक मोठा प्रयोग झाला. गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने तो केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आले. प्रयोगाचे नाव ‘सेहेर’.

त्यासाठी ७५ शाळा घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटातील प्रत्येक शाळेत एक ‘सेहेर मित्र’ नेमला. हा मित्र डॉक्टर नव्हता, मानसशास्त्रज्ञही नव्हता. साधी पदवी घेतलेली, पण या कामाचे प्रशिक्षण मिळालेली व्यक्ती होती. दुसऱ्या गटात तेच प्रशिक्षण शाळेतल्याच एका शिक्षकाला दिले आणि तेच काम त्याच्यावर सोपवले. तिसऱ्या गटातील शाळांत यांपैकी कुणीच नेमले नाही.

मित्राचे काम केवळ समुपदेशनाचे नव्हते. परिपाठाच्या वेळी तो राग, मैत्री, मुलगा-मुलगी समानता अशा विषयांवर बोलायचा, नाटुकली बसवायचा. भित्तिपत्रक निघायचे. मनातले लिहून टाकण्यासाठी एक पेटी ठेवलेली असायची, आणि चिठ्ठीवर नाव लिहिण्याची सक्ती नसायची. मुलांचे गट मिळून शाळेतल्या अडचणी मांडायचे. दादागिरी आणि शिक्षा यांविषयी शाळेने नियम करावेत, असा प्रयत्न व्हायचा. आणि ज्या मुलाला एकट्याने बोलायचे असेल, त्याला बोलता यायचे.

आठ महिन्यांनी नववीच्या हजारो मुलांची पाहणी केली. ज्या शाळांत मित्र होता, तिथे शाळेचे वातावरण सुधारले होते. म्हणजे शिक्षक आपल्याला समजून घेतात, शाळा आपली वाटते, असे मुले सांगत होती. उदासीची लक्षणे कमी झाली होती. दादागिरी आणि मारहाण घटली होती. मुलींबद्दलचा दृष्टिकोन बदलला होता. दुसऱ्या वर्षी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा हा फरक आणखी वाढलेला दिसला.

आणि दुसरा गट? जिथे तेच काम शिक्षकाने केले, तिथे असे कुणीच न नेमलेल्या शाळांपेक्षा वेगळे असे काही आढळले नाही. दोन्ही पाहण्यांत हेच दिसले.

शिक्षक का पुरे पडला नाही

हा निष्कर्ष शिक्षकांना कमी लेखण्यासाठी नाही. आपल्या समाजात शिक्षकी पेशातली माणसे खूप आहेत आणि अनेक मुलांना त्यांनीच उभे केले आहे. पण शिक्षकावर आधीच अध्यापनाचे, परीक्षांचे आणि सरकारी कामांचे ओझे असते. शिवाय तोच गुण देतो, तोच ओरडतो, तोच पालकांना बोलावतो. त्याच्यापाशी मन मोकळे करायला मूल कचरते. आणि दुखावणारा माणूसच शिक्षक असेल, तर ते मूल जाणार कुठे?

युरोपातही काहीसे असेच दिसले. दहा देशांतील १६८ शाळांत, अकरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे एका गटात शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण दिले. दुसऱ्या गटात तज्ज्ञांनी मुलांची चाचणी घेतली. तिसऱ्या गटात खुद्द मुलांनाच मनाविषयी माहिती दिली, प्रसंग वठवून घेतले, मदत कशी मागायची हे शिकवले. वर्षभरानंतर या तिसऱ्या गटात आत्महत्येचे प्रयत्न जवळपास निम्म्यावर आले होते. पहिल्या दोन गटांत तसा ठोस फरक आढळला नाही. मोठ्यांनी मुलांवर नुसती नजर ठेवून भागत नाही. बोलावे कसे आणि कुणापाशी, हे मुलांच्या हाती द्यावे लागते.

‘टेन्शन’वर उपाय

दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांत, नववी ते बारावीच्या २५१ विद्यार्थ्यांवर संगाथनेच आणखी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. ही सगळी मानसिक त्रास असलेली मुले होती. निम्म्यांना अडचणी सोडवण्याविषयीच्या सचित्र पुस्तिका दिल्या. उरलेल्यांना त्याच पुस्तिकांबरोबर प्रशिक्षित, पण मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकाच्या चार-पाच भेटी मिळाल्या. भेटीत उपदेश नव्हता. तुला सगळ्यात जास्त छळणारी अडचण कोणती, त्यावर काय काय करता येईल, त्यांतले एक निवड आणि करून बघ, मग पुन्हा भेटू. एवढाच क्रम.

दोन्ही गटांतील मुले सुधारली. पण मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा भार समुपदेशक भेटलेल्या गटात सहा आठवड्यांतच अधिक कमी झाला. त्रासाच्या सर्वसाधारण मोजपट्टीवर मात्र त्या टप्प्यावर ठळक फरक नव्हता. म्हणजे हा काही जादूचा उपाय नाही. पण मानसोपचारतज्ज्ञ दुर्मीळ असलेल्या देशात, चार-पाच भेटींत मुलाच्या डोक्यावरचे ओझे थोडे हलके होत असेल, तर ती लहान गोष्ट नव्हे. हा क्रम आईवडीलही घरी वापरू शकतात. त्यासाठी आधी ऐकावे मात्र लागते. मुलाने तोंड उघडताच ‘आमच्या वेळी…’ सुरू केले, की तो संवाद तिथेच संपतो.

ध्यानाबद्दल

हे मासिक वाचणाऱ्या घरांत आनापान आणि विपश्यना यांची ओळख आहे. महाराष्ट्रातील अनेक शाळांतही आनापान शिकवले जाते. म्हणून या विषयावरचे संशोधन वाचकांपुढे जसे आहे तसे ठेवणे आम्हाला योग्य वाटते. इंग्लंड आणि आसपासच्या भागातील ८४ शाळांत, ११ ते १४ वयाच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर सजगतेच्या सरावाची मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सगळ्या वर्गाला सरसकट सजगता शिकवल्याने मुलांची उदासी कमी झाली नाही. नेहमीचे शिक्षण घेणाऱ्या मुलांपेक्षा ती वेगळी निघाली नाहीत. बहुतेकांनी घरी सरावही केला नाही.

ती पद्धत म्हणजे आपले आनापान नव्हे, आणि एका चाचणीवरून ध्यान निरुपयोगी ठरत नाही. मोठ्यांमध्ये, स्वेच्छेने आणि सातत्याने केलेल्या सरावाचा फायदा अनेक अभ्यासांत दिसला आहे. पण एक गोष्ट यातून घ्यावी. जे मूल आधीच उदास आहे किंवा ज्याच्यावर शाळेत अन्याय होत आहे, त्याला ‘डोळे मिटून बस, सगळे ठीक होईल’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. उपचाराची गरज असेल तिथे ध्यान उपचाराची जागा घेऊ शकत नाही. सोबत करू शकते.

वर्गात जात उच्चारली जाते तेव्हा

मुलाच्या मनावर घाला घालणाऱ्या गोष्टींत एक गोष्ट आपल्या घरांना फार जवळची आहे. बाबासाहेबांनी आपल्या बालपणीचा १९०१ सालचा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली भावंडे मसूर स्टेशनावर उतरली, तर जात कळल्यावर गाडीवान मिळेना, आणि रात्रभर प्यायला पाणी मिळेना. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. त्या प्रसंगाचा ठसा मनावर कायमचा राहिला, असे त्यांनी पुढे लिहिले. लहानपणी झालेला अपमान किती खोल जातो, याची याहून मोठी साक्ष कोणती हवी?

आजच्या संशोधकांनी हे मोजूनही पाहिले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांवर एक प्रयोग केला. निम्मी मुले सवर्ण, निम्मी दलित. सर्वांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली आणि सुटलेल्या कोड्यांप्रमाणे पैसे दिले. कुणाचीही जात जाहीर केली नाही, तेव्हा दोन्ही गटांतील मुलांनी सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या गटांत प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे आणि आजोबांचे नाव व जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तशीच, कोडी तशीच. बदल झाला तो फक्त सगळ्यांसमोर जात उच्चारण्याचा.

मोठ्यांच्या बाबतीत आशिष गुप्ता आणि डायन कॉफी यांनी २०२० मध्ये दाखवले, की शिक्षण आणि संपत्ती यांचा फरक वजा केला, तरी अनुसूचित जातींतील लोकांचे मानसिक स्वास्थ्य सवर्ण हिंदूंपेक्षा खालावलेले आढळते. गरिबीने जे होते ते होतेच. जातीचा घाव त्याशिवाय वेगळा बसतो.

आता आपल्या मुलांची शाळा डोळ्यांसमोर आणा. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा म्हणून भर वर्गात ‘एससीवाले उभे राहा’ म्हटले जाते. ‘तुम्हाला काय, सवलत आहे’ असे मित्र म्हणतो आणि शिक्षक हसतो. आडनाव विचारल्यावर बोलण्याचा सूर बदलतो. मूल घरी येऊन हे सांगत नाही, कारण आईवडील चिडतील किंवा दुखावतील, हे त्याला माहीत असते. ते फक्त म्हणते, पोट दुखतेय. अशा वेळी फक्त मुलाला खंबीर करून चालणार नाही. दुखावणारी जागा सुधारावी लागेल. मानसिक आरोग्य हा म्हणून केवळ दवाखान्याचा विषय नाही, तो न्यायाचाही विषय आहे.

आता हे शाळेचे कर्तव्य आहे

विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निकाल दिला आणि देशातील सर्व शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि कोचिंग क्लासेस, सर्वांना त्या लागू आहेत. त्यांतल्या पालकांनी लक्षात ठेवाव्यात अशा काही:

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध ठेवायचा आहे. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडायच्या नाहीत आणि चारचौघांत अपमान करायचा नाही. शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलपणे, भेदभाव न करता कसे वागावे, याचीही तयारी कर्मचाऱ्यांकडून करून घ्यायची आहे. टेलि-मानससारख्या हेल्पलाइनचे क्रमांक वर्गांत आणि वसतिगृहांत मोठ्या अक्षरांत लावायचे आहेत.

कागदावर हे उत्तम आहे. पण विचारणारे कुणी नसेल तर कागद कागदच राहतो. विचारण्याची जागा आपल्याकडे आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. पुढच्या पालकसभेला तीन प्रश्न लेखी द्या. आपल्या शाळेत समुपदेशक कोण आणि कोणत्या वारी येतो? हेल्पलाइनचा क्रमांक कुठे लावला आहे? शिष्यवृत्तीचे अर्ज मुलांची जात वर्गात न उच्चारता कसे भरून घेणार?

घरात आणि विहारात

घरी रोज दहा मिनिटे, मोबाईल बाजूला ठेवून, मुलाशी अभ्यास सोडून इतर गोष्टी बोला. त्याने काही सांगितले तर लगेच उपाय सांगू नका, आधी पुरते ऐका. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. नापास झाला तरी घर त्याचेच आहे, हे एकदा तरी तोंडाने सांगा. वडिलांनी विशेष करून सांगावे, कारण मुलगे ते त्यांच्याकडून क्वचितच ऐकतात.

विहारातील अभ्यासिका, रविवारचा धम्मवर्ग, महिला मंडळ ही आपली तयार साधने आहेत. दर पंधरा दिवसांनी मुलांशी फक्त बोलण्यासाठी एक तास ठेवता येईल. एक चिठ्ठीपेटी लावता येईल. वस्तीतील समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेल्या मुलामुलींना त्यासाठी बोलावता येईल. पण दोन पथ्ये पाळावी लागतील. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वस्तीत फिरता कामा नये. मात्र त्याच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी त्याचे शोषण करत असेल, तर तेवढ्यापुरती गुप्तता बाजूला ठेवून लगेच तज्ज्ञांची मदत घ्यावी. आणि आपण उपचार करतो आहोत अशा भ्रमात राहू नये. आपले काम ऐकण्याचे आणि योग्य ठिकाणी पोहोचवण्याचे.

मदत कुठे मिळते

टेलि-मानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही आहे. क्रमांक १४४१६. मूल संकटात असेल, त्याच्यावर अत्याचार होत असेल तर चाइल्डलाइन, १०९८. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वयाच्या मुलांसाठी सल्ला केंद्रे असतात. महाराष्ट्रात ती ‘मैत्री क्लिनिक’ या नावाने ओळखली जातात. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे केसपेपर काढून दाखवता येते. डॉक्टरांनी औषध दिले तर ते मनाने बंद करू नका. आजार कोणता यावरून उपचार ठरतो आणि अनेक मुलांना औषधाची गरजही पडत नाही.

मूल ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे बोलू लागले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, निरोप घेतल्यासारखे वागू लागले, तर थांबू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे शांतपणे, थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसले आहे. उलट कुणीतरी विचारले याने मुलाला हायसे वाटते. त्याला एकटे सोडू नका, इजा करता येईल अशा वस्तू आवरून ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार मानायचे नाही, तर उपचार आणि आधार द्यायचा, अशी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याची भूमिका आहे. पोलिसांच्या भीतीने घरात लपवून ठेवू नका.

पुढच्या सत्कार समारंभाच्या पत्रिकेत टक्क्यांच्या यादीखाली १४४१६ हा क्रमांक छापावा आणि ज्यांचे नाव यादीत नाही त्या मुलांनाही आवर्जून बोलवावे, अशी विहार समित्यांना आमची विनंती आहे. याला वेगळा खर्च येत नाही.